पॅट्रिकचे दोन कागद

संत पॅट्रिकच्या हातचे दोनच मजकूर आज शिल्लक आहेत. एक त्याचे निवेदन, जे 'कन्फेस्सिओ' या लॅटिन नावाने ओळखले जाते. आणि दुसरे, कोरोटिकस नावाच्या एका सत्ताधीशाच्या सैनिकांना उद्देशून लिहिलेले पत्र. दिवेलागणीला वाचायला बसावे, तर रात्रीची पाने मांडली जाईपर्यंत दोन्ही संपतात, एवढाच त्यांचा विस्तार. आयर्लंडात लिहिले गेलेले आणि आजवर टिकलेले सर्वांत जुने साहित्य म्हणून अभ्यासक याच दोहोंकडे बोट दाखवतात. काळ पाचव्या शतकाचा. रोमन साम्राज्याच्या फौजा ब्रिटनमधून निघून गेलेल्या, किनारे उघडे पडलेले, आणि आयर्लंडकडून येणाऱ्या लुटारू टोळ्यांना अडवायला कोणी उरलेले नाही, असा तो काळ.

पॅट्रिक म्हटले की जे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, ते या कागदांत कुठेही नाही. हिरवा अंगरखा नाही, पायाशी वळवळणारे साप नाहीत, हातात शॅमरॉकची तीन पानांची डहाळी नाही. आयर्लंडात साप नसतात हे सोलिनस नावाच्या रोमन लेखकाने पॅट्रिकच्या आधीच लिहून ठेवले होते, आणि बाराव्या शतकातल्या जेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरूनेही ते पॅट्रिकने घालवल्याची कथा फारशी मनावर घेतली नव्हती. तीन पाने दाखवून त्रैक्याचा सिद्धान्त समजावल्याची गोष्ट अठराव्या शतकात नोंदली गेलेली आढळते. म्हणजे प्रत्यक्ष माणसानंतर तेराशे वर्षांनी. आम्हाला या कथांचे वावडे नाही. संतचरित्रे ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला असे वावडे असूही नये. पण चमत्कारांच्या मागे माणूस शोधताना बहुतेक संतांच्या बाबतीत हाती काही लागत नाही, आणि येथे मात्र तो स्वतः बोलतो, अडखळत का होईना बोलतो, ही दुर्मीळ गोष्ट आहे. त्याचा उल्लेख आम्ही एकेरीतच करणार आहोत. ज्यांच्याविषयी जवळीक वाटते त्या संतांना अरे-तुरे करण्याची मराठीत रीत आहे, आणि हा माणूस तर स्वतःला पापी आणि गावंढळ म्हणवून घेतो व मगच बापाचे नाव सांगतो.

बापाचे नाव काल्पोर्निउस. तो डीकन होता, आणि नगरसभेचा सभासदही. आजोबा पोतितुस, ते धर्मगुरू. बानावेम ताबुर्निए नावाच्या वस्तीजवळ त्यांची एक लहानशी शेतवाडी होती. ही वस्ती ब्रिटनमध्ये नेमकी कोठे, यावर विद्वानांचे अजून एकमत नाही. घरात दोन पिढ्यांची धर्मसेवा, तरी मुलाला देवाशी काही देणेघेणे नव्हते, असे तो सांगतो. सोळाव्या वर्षाच्या सुमारास आयरिश लुटारूंनी वाडीवर धाड घातली आणि हजारो इतरांबरोबर त्याला पकडून समुद्रापार नेले. पुढची सहा वर्षे तो गुलाम होता. मेंढरे राखणे हे काम.

या धाडीविषयीचे एक वाक्य निवेदनात नाही, पत्रात आहे, आणि आम्ही त्यापाशी बराच काळ थांबलो. धाड घालणाऱ्यांनी आपल्या वडिलांच्या घरचे दास आणि दासीही नेल्या, असे पॅट्रिक जाता जाता लिहितो. म्हणजे हा मुलगा गुलाम झाला तो गुलाम बाळगणाऱ्या घरातून. काल ज्या माणसांना हाक मारून पाणी मागवावे, त्यांच्याच शेजारी तो एका सकाळी बांधलेल्या अवस्थेत उभा राहिला असणार. त्याने या गोष्टीवर काही भाष्य केलेले नाही. त्या काळच्या साऱ्या भूमध्यसागरी जगात गुलामगिरी ही हवा-पाण्यासारखी गृहीत धरलेली बाब होती. थोर थोर ख्रिस्ती लेखकांनीही ती पापाचे फळ म्हणून सोडून दिली. आयर्लंडात तर जुन्या कायद्याच्या ग्रंथांत 'कुमल' हा शब्द मूल्य मोजण्याचे एकक म्हणून येतो. जमिनीची किंमत कुमलमध्ये, दंडाची रक्कम कुमलमध्ये. या शब्दाचा मूळ अर्थ दासी. बाई हेच चलन. अशा देशात सहा वर्षे काढलेला माणूस पुढे आपल्या निवेदनात मुद्दाम नोंदवतो, की नव्याने श्रद्धा स्वीकारणाऱ्यांत सर्वांत जास्त सोसावे लागते ते गुलाम स्त्रियांना. धमक्या आणि दहशत सोसूनही त्या मागे हटत नाहीत. पाचव्या शतकात एखाद्या बिशपला हे दिसावे आणि दिसले ते त्याने लिहून ठेवावे, यामागे वडिलांच्या घरच्या त्या दासींची आठवण असेल का, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

गुलामीतल्या दिवसांविषयी तो थोडेच सांगतो. रानात, डोंगरावर, बर्फात, पावसात पहाटेच्या आधी उठून प्रार्थना करी. दिवसाला शंभर, रात्रीही जवळजवळ तितक्याच. घरी न शिकलेला देव त्याला मेंढरांमागे भेटला. मग एके रात्री स्वप्नात आवाज आला, की तुझे जहाज तयार आहे. जहाज दोनशे मैलांवर होते, अनोळखी मुलुखात. तो पळाला. तांडेलाने आधी झिडकारले, मग बोलावून घेतले. त्या खलाशांच्या रिवाजाप्रमाणे निष्ठेची खूण म्हणून त्यांची स्तनाग्रे चोखायची होती, त्याला त्याने नकार दिला. हा तपशील कोणा भाविक चरित्रकाराने कल्पनेने घातला नसता, म्हणून आम्हाला तो फार मोलाचा वाटतो. तीन दिवसांचा समुद्र, मग अठ्ठावीस दिवस निर्मनुष्य मुलूख, उपासमार, आणि अखेर वाटेत लागलेला डुकरांचा कळप. काही वर्षांनी तो ब्रिटनमध्ये आईवडिलांपाशी पोचला. इतके सोसलेस, आता आम्हाला सोडून जाऊ नकोस, अशी त्यांनी गळ घातली. आणि तिथेच त्याला ते दुसरे स्वप्न पडले. व्हिक्टोरिकस नावाचा माणूस आयर्लंडाहून असंख्य पत्रे घेऊन येतो, एक याच्या हाती देतो. पत्राचा आरंभ वाचता वाचता पश्चिम समुद्राकाठच्या व्होक्लुटच्या रानाजवळची माणसे एका आवाजात त्याला परत बोलावताना ऐकू येतात. पुढे वाचवेना, जाग आली.

हे रान आजच्या मेयो परगण्यात, पश्चिमेकडे मानतात. उत्तरेकडच्या अँट्रिममधील स्लेमिश डोंगरावर त्याने मेंढरे राखली ही परंपरा पुढची. पण पॅट्रिकच्या कागदांत आयर्लंडातले जे एकमेव ठिकाण नावानिशी येते, ते हे रान.

आपल्याकडे 'मिशनरी' हा शब्द गलबतावरून उतरतो आणि त्याच्या मागे तोफा असतात. गोव्यात पोर्तुगीजांनी १५६० साली इन्क्विझिशन आणले, त्याची आठवण या शब्दाला चिकटून आहे. पुढे इंग्रजी अमदानीतला मिशनरी, शाळा-दवाखाने काढणारा आणि मनाने पुष्कळदा निर्मळ असणारा, तोही राज्यकर्त्यांच्या वर्णाचाच होता. म्हणून पॅट्रिकचे जाणे आम्हाला नीट समजून घ्यावेसे वाटले. रोमने आयर्लंड कधीच जिंकले नव्हते. तिथे नगरे नव्हती, रोमन रस्ते नव्हते, साम्राज्याचा कायदा नव्हता. होते ते लहान लहान राजे आणि त्यांच्या टोळ्या. त्याच्या आधी ४३१ साली पोप सेलेस्टाइनने पलाडिउस नावाच्या बिशपला आयर्लंडातील ख्रिस्ती लोकांकडे पाठवल्याची नोंद प्रॉस्पर या इतिवृत्तकाराने केली आहे. म्हणजे पॅट्रिक हा तिथला पहिला ख्रिस्ती नव्हे आणि पहिला बिशपही नव्हे. दोघांच्या गोष्टी पुढे इतक्या एकमेकींत मिसळल्या, की टी. एफ. ओ'राहिली या विद्वानाने १९४२ साली दोन पॅट्रिक होते असे प्रतिपादन करून मोठी खळबळ उडवून दिली. आयरिश इतिवृत्ते पॅट्रिकच्या आगमनाचे साल ४३२ देतात, तेही पलाडिउसच्या पाठोपाठ बरोबर एक वर्षाने, हे जरा जास्तच सोयीचे आहे. असो. मुद्दा असा, की ज्याच्या पाठीशी सैन्य नव्हते तो माणूस, ज्यांनी आपल्याला गुलाम केले त्यांच्याच देशात, त्यांचीच भाषा बोलत गेला. ती भाषा त्याने पाठशाळेत शिकली नव्हती. मेंढरे राखताना शिकला होता.

तेथे वावरण्यासाठी तो राजांना नजराणे देई, राजपुत्रांना सोबत घेई आणि त्यांनाही मोबदला देई. न्यायनिवाडा करणाऱ्यांना मिळून पंधरा माणसांच्या किमतीइतके द्रव्य आपण वाटले, असा हिशेब तो देतो. पंधरा माणसांची किंमत! गुलाम म्हणून विकला गेलेला माणूसच असे माप वापरू शकतो. एकदा राजपुत्रांसह त्याला पकडून चौदा दिवस बेड्यांत ठेवले. उलट स्वतः मात्र कोणाकडून काही घेत नसे. भाविक स्त्रिया अंगावरचे दागिने काढून वेदीवर टाकत. तो ते परत करी आणि त्या रागावत. त्याच्या विरोधकांना काही म्हणायला जागा राहू नये, हे कारण तो देतो. आम्हाला त्या रागावलेल्या स्त्रिया फार खऱ्या वाटतात. देणाऱ्याचे न घेणे हाही एक प्रकारचा अपमान असतो आणि तो त्यांना झोंबला असणार. पण त्याला ब्रिटनमधल्या वरिष्ठांना तोंड द्यायचे होते. कुणाकडून अर्धे नाणे किंवा जोड्याची किंमत जरी घेतली असेल तर सांगा, परत करीन, असे तो त्यांना बजावतो.

हे वरिष्ठ कोण आणि त्यांचा आक्षेप काय, हे कळल्याशिवाय निवेदनाचा सूर समजत नाही. 'कन्फेस्सिओ' या शब्दाचे मराठी कसे करावे, हाच मुळात पेच आहे. त्यात पापाची कबुली आहे, ईश्वराचे स्तवन आहे, आणि श्रद्धेची जाहीर साक्षही आहे. 'कबुलीजबाब' म्हटले तर पोलीस ठाणे आठवते. आम्ही 'निवेदन' हा शब्द पत्करला, कारण आत्मनिवेदन ही आपल्याकडे भक्तीची एक पायरी आहे आणि निवेदन हे अधिकाऱ्यांपुढेही करतात. पॅट्रिकच्या मजकुरात ही दोन्ही कामे एकाच वेळी चाललेली असतात.

घडले ते असे. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास, एका दिवशी, किंबहुना एका तासात, त्याच्या हातून काहीतरी घडले होते. पुढे डीकन होण्याआधी मनाला टोचणी लागली म्हणून ते त्याने एका अत्यंत जिवलग मित्राला सांगितले. तीस वर्षांनी तेच त्याच्यावर उलटले. ज्या मित्राने त्याच्या बिशपपदाची शिफारस केली, त्यानेच ते गुपित चारचौघांत फोडले, आणि वरिष्ठांनी ते त्याच्या अपात्रतेचा पुरावा म्हणून मांडले. ते पाप कोणते, याचे तर्क शतकानुशतके चालले आहेत. कोणी मूर्तिपूजा म्हणतो, कोणी हत्या, कोणी आणखी काही. पॅट्रिक सांगत नाही. ज्या कागदात त्याने आपले दारिद्र्य, अडाणीपण, भीती, घरची ओढ, म्हाताऱ्या वयातली धास्ती सगळे उघडे केले, त्यात एवढी एकच गोष्ट झाकलेली आहे. आमच्या मते हे झाकणे हाच त्या निवेदनातला सर्वांत ताठ क्षण आहे. एकदा विश्वासाने सांगितले, त्याचे काय झाले ते पाहिले. आता पुन्हा सांगणार नाही. आणि तरी मित्राविषयी लिहिताना त्याच्या लेखणीतून शाप उमटत नाही. वाईट वाटते ते मित्राचे, असेच तो म्हणतो. माझ्या पाठीमागे त्याने असे का करावे, हे विचारताना त्याचे आधीच अडखळणारे लॅटिन आणखी अडखळते.

या लॅटिनविषयी दोन शब्द. ऑगस्टीनची 'कन्फेशन्स' याच्या दोनएक पिढ्या आधीची. ती लिहिणारा वक्तृत्वाचा अध्यापक होता, प्रत्येक वाक्य तोलूनमापून ठेवणारा. पॅट्रिकची शिकण्याची वर्षे, सोळा ते बावीस, मेंढरांमागे गेली. इतरांनी लहानपणापासून एकच भाषा घोटली, माझे बोलणे मात्र परक्या भाषेकडे वळवले गेले, ही त्याची खंत निवेदनात पुन्हा पुन्हा येते. व्याकरण ढळते, वाक्य मध्येच सोडून तो बायबलमधल्या ओळींचा आधार घेतो, विशेषतः पौलाच्या. आम्ही इंग्रजी भाषांतर आणि लॅटिन संहिता शेजारी ठेवून, कोशाची पाने उलटत वाचत होतो. रॉयल आयरिश अकादमीने २०११ साली हे सारे महाजालावर खुले केल्याने असा उद्योग आता घरबसल्या जमतो. आमचे लॅटिन बेताचेच, पण तेवढ्यावरही एक गोष्ट कळली: भाषांतरकार त्याचे वाक्य सरळ करतात, आणि सरळ केले की त्यातला माणूस थोडा कमी होतो.

पत्रातला पॅट्रिक वेगळा आहे. तिथे तो अडखळत नाही. कोरोटिकस हा बहुधा उत्तर ब्रिटनमधला सत्ताधीश, आणि नावाने ख्रिस्ती. त्याच्या सैनिकांनी आयर्लंडात धाड घालून नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या माणसांना कापून काढले आणि उरलेल्यांना पिक्त लोकांना विकले. आदल्या दिवशी कपाळावर लावलेले पवित्र तेल अजून वाळले नव्हते, अंगावर दीक्षेची पांढरी वस्त्रे तशीच होती. पॅट्रिकने लगेच एका धर्मगुरूला, ज्याला त्याने लहानपणापासून शिकवले होते, पत्र देऊन पाठवले: लुटीतले थोडे तरी द्या, माणसे परत करा. ते हसले. आज आपल्या हाती आहे ते त्यानंतरचे, दुसरे पत्र, आणि ते केवळ त्या सैनिकांना लिहिलेले नाही. ते जागोजागी वाचून दाखवावे, खुद्द कोरोटिकसच्या समोरही, असे त्यात सांगितले आहे. बंदी सोडवून प्रायश्चित्त घेईपर्यंत या लोकांची स्तुती करू नका, त्यांच्या पंक्तीला जेवू नका, त्यांचे दानही स्वीकारू नका, असे तो सर्व ख्रिस्ती जनांना बजावतो. गॉलमधले ख्रिस्ती हजारो सोन्याची नाणी मोजून फ्रँक लोकांकडून बंदी सोडवतात, आणि तुम्ही मात्र ख्रिस्ती मुलींना देव न जाणणाऱ्या परक्यांना विकता, हा त्याचा टोला.

आणि याच पत्रात तो एक सर्वनाम वापरतो. त्यांच्या दृष्टीने आमचे आयरिश असणेच हीन आहे, अशा आशयाच्या वाक्यात तो स्वतःला आयरिश लोकांत मोजतो. लॅटिनमध्ये क्रियापदाच्या प्रत्ययातच ते 'आम्ही' येऊन जाते, इंग्रजीत 'वी' होते, आणि दोन्ही भाषांत एक गोष्ट मोघम राहते. मराठीत भाषांतर करणाऱ्याला मात्र थांबून ठरवावे लागते: 'आम्ही' की 'आपण'? ज्यांना लिहायचे ते ब्रिटनचे, पॅट्रिकच्या जन्मभूमीचे, त्याच्याच भाषेचे, त्याच्याच धर्माचे लोक. 'आपण' म्हणता आले असते ते त्यांच्याशी. पण येथे 'आम्ही'च लिहावे लागते, आणि त्या 'आम्ही'त ऐकणारा धरलेला नाही. ज्यांनी त्याला पळवून नेले, विकले, राबवले, ते आत; ज्यांच्यात तो जन्मला, ते बाहेर. पत्रात अन्यत्र तो म्हणतो की मी माझे कुलीनपण विकून टाकले आणि मला त्याची लाज वाटत नाही. विकण्याची क्रिया येथेही आहेच, पण या वेळी विकणारा तो स्वतः आहे.

या पत्राचा परिणाम काय झाला? बंदी सुटले का, त्या मुली परतल्या का? पत्रात ते असणे शक्य नाही, आणि निवेदनात त्याचा उल्लेख नाही.

पुढच्या लोकांना हे सहन झाले नसावे. सातव्या शतकाच्या अखेरीस मुइर्खू नावाच्या धर्मगुरूने पॅट्रिकचे चरित्र लिहिले. त्यात कोरोटिकस दरबारात सर्वांदेखत कोल्हा होऊन पळून जातो. गोष्ट झकास आहे, हिशेब चुकता होतो; फक्त त्यात बंदी कोणालाच आठवत नाहीत. याच चरित्रात पॅट्रिकचा जुना मालक मिलिउक्क आपला गुलाम आपल्यावर वरचढ होऊन येतो आहे हे ऐकून घरादारासह स्वतःला जाळून घेतो, आणि ताराच्या राजासमोर पॅट्रिक मांत्रिकांना अग्नीच्या कसोटीत हरवतो. बेड्यांत चौदा दिवस काढलेला, नजराणे देत फिरणारा, वरिष्ठांना भिणारा माणूस येथे राहिलेला नाही. विजेता आला आहे. कारणही उघड आहे. त्या काळी आर्माचे धर्मपीठ सर्व आयर्लंडवर आपले श्रेष्ठत्व सांगू पाहत होते, आणि त्या दाव्याला बेड्या घातलेला संस्थापक परवडणारा नव्हता.

तरीही पॅट्रिकच्या नावाने जे उभे राहिले ते लहान नाही, आणि ते केवळ आर्माच्या राजकारणातून आलेले नाही. साम्राज्याच्या बाहेर, नगरे नसलेल्या प्रदेशात चर्च रुजू शकते हे तेथे दिसले. पुढच्या दोन शतकांत आयर्लंडचे मठ युरोपभर माणसे पाठवू लागले: ५६३ साली कोलुम्बा आयोना बेटावर, नंतर कोलुम्बानुस गॉल ओलांडून इटलीतल्या बोब्बिओपर्यंत, ६३५ साली आयोनाहून एडन लिंडिस्फार्नला. घर सोडून परक्या देशात देवासाठी राहणे, यालाच ते हौतात्म्याचा एक प्रकार मानत. पॅट्रिकने आपण ज्या देशात परके आहोत असे वारंवार लिहिले, तेच त्यांनी व्रत केले. मेयोमधल्या क्रोघ पॅट्रिक या ७६४ मीटर उंचीच्या डोंगरावर जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो माणसे आजही चढतात, काही अनवाणी. दगड निसरडे असतात आणि पाऊस बहुधा असतोच.

नाव पुढे जहाजांबरोबर गेले, आणि तेव्हा त्याच्या वाट्याला विचित्र योग आले. पुण्यात एम्प्रेस गार्डनच्या परिसरातले सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटिश फौजेतल्या आयरिश कॅथलिक शिपायांसाठी उभे राहिले. मायदेशी इंग्रजांच्या अमलाखाली असलेली माणसे येथे इंग्रजांचा अंमल राखायला आली होती आणि प्रार्थनेला सोबत आणला होता तो एका पळालेल्या गुलामाला. पण याहून तिखट योग कॅरिबियनमधल्या माँटसेरात बेटावरचा. तेथले उसाचे मळेवाले पुष्कळसे आयरिश वंशाचे, मळ्यांत राबणारे आफ्रिकेतून आणलेले गुलाम. १७६८ साली १७ मार्चला, मालक पॅट्रिकच्या सणात आणि मद्यात दंग असतील हे हेरून, गुलामांनी उठावाचा बेत केला. बेत फुटला, पुढाऱ्यांना फाशी दिले गेले. १९८५पासून माँटसेरातमध्ये १७ मार्च ही सार्वजनिक सुट्टी आहे, आणि ती त्या उठावाच्या स्मरणार्थही आहे. कोरोटिकसला पत्र लिहिणाऱ्याचा सण त्या दिवशी बेटावर नक्की कोण पाळत होते, हे ठरवायला धर्मशास्त्र लागत नाही.

आयर्लंडातही असा दिवस आला. २००९ साली, मे महिन्यात रायन आयोगाचा आणि नोव्हेंबरमध्ये मर्फी आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. चर्चच्या संस्थांत मुलांवर दशकानुदशके झालेले अत्याचार आणि डब्लिनच्या धर्मप्रांतात ते कसे झाकले गेले, हे त्यात तपशीलवार आहे. २०१० सालच्या मार्चमध्ये, पॅट्रिकच्या सणानंतर दोनच दिवसांच्या तारखेचे, पोप बेनेडिक्ट सोळावे यांचे आयर्लंडच्या कॅथलिकांना उद्देशून पत्र आले. त्यात खेद होता, क्षमायाचना होती. पीडितांपैकी अनेकांचे त्याने समाधान झाले नाही. आम्ही या प्रकरणाचे जाणकार नाही. पण त्या सुमारास पॅट्रिकच्या पत्रातला तो भाग पुन्हा वाचताना असे वाटत राहिले, की दुर्बळांना विकणारे आपल्याच धर्माचे असले तर त्यांच्याशी कसे वागावे, याची सूचना आयर्लंडच्या चर्चपाशी पंधराशे वर्षांपासून लेखी स्वरूपात होती: आधी माणसे मोकळी करा, मग पंक्तीला या.

लेखी होती खरी, पण ती कोणी जपली, हे पाहण्यासारखे आहे. आर्माच्या पीठाने नवव्या शतकाच्या आरंभी फेर्दोम्नाख नावाच्या लेखनिकाकडून एक ग्रंथ सिद्ध करून घेतला. तो 'बुक ऑफ आर्मा' डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. त्यात मुइर्खूचे चरित्र आहे, आर्माच्या हक्कांची कागदपत्रे आहेत, आणि पॅट्रिकचे निवेदनही आहे. पण हे निवेदन अपुरे आहे. मित्राने दगा दिल्याचा आणि वरिष्ठांनी ठपका ठेवल्याचा भाग त्यात नाही. कोरोटिकसच्या सैनिकांना लिहिलेले पत्र तर मुळीच नाही. हे सारे टिकले ते इंग्लंडमधल्या आणि फ्रान्समधल्या मठांतल्या नकलांमुळे, जिथे आर्माच्या थोरवीशी कोणाला कर्तव्य नव्हते. फेर्दोम्नाखने मधून मधून समासात मूळ मजकूर दुर्बोध असल्याची टीप केली आहे, आणि निवेदन संपते तेथे पॅट्रिकने स्वतःच्या हाताने लिहिलेले येथवर, एवढे नोंदवून खाली मार्चची सतरा तारीख घातली आहे.